पाहुण्यांची रांग

शनिवारी मैदानावर आम्ही तेराच जमलो. रग्बीला पंधरा लागतात. आमच्या वेल्सच्या खोऱ्यातली बरी पोरं खालच्या शहरातल्या मोठ्या क्लबाने केव्हाच उचलली होती, आणि आज सामना त्यांच्याशीच होता. त्यांचा कप्तान हसला. "बाकावरचे दोघे देतो, घ्या." गावाकडच्या रग्बीत ही रीतच आहे. माणसं उसनी घ्यायची, पण सामना मोडायचा नाही.

त्या दोघांतला एक गेथिन निघाला. आमच्याच गल्लीतला, डेलिथ आंटीने लहानपणापासून याच चिखलात शिकवलेला. जाताना तिला सांगूनही गेला नव्हता. तिकडे नुसता बाकावर बसून होता म्हणे. आज आमची लाल जर्सी चढवली आणि पिसाटल्यासारखा खेळला. शेवटी चेंडू कवटाळून त्याने रेषेपलीकडे अंग टाकलं आणि आम्ही जिंकलो. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं.

खेळ संपल्यावर क्लबात नेहमीप्रमाणे दोन्ही संघांचं जेवण होतं. मटणाच्या रश्श्याच्या पातेल्यापाशी डेलिथ आंटी उभी होती. पाहुण्यांची रांग पुढे, आमची मागे. गेथिन लाल जर्सीतच आमच्या रांगेत उभा राहिला आणि तिथूनच ओरडला, "आंटी, जिंकलो की गं आपण!"

आंटीने मान वर केली. डाव हातातच ठेवून म्हणाली, "अहो, तुम्ही मागे कुठे उभे राहिलात? पुढे या. आमच्यात पाहुण्यांना आधी वाढतात."