सोंड फुटलेले ढेकूण

सांगून कोणाला पटणार नाही, पण आमच्या जुन्या गणपती मंदिरातल्या ढेकणांना सोंड फुटली.

जुन्या देवळांतल्या ढेकणांची नोंद करणारी कॉलेजची मोनाली दर मंगळवारी यायची, लाकडी बाकांच्या फटी तपासायची आणि मग माझ्याजवळ बसून चहा प्यायची. बाकीचे सहा दिवस या थकलेल्या राखणदाराशी बोलायला फक्त देवच असतो, आणि तो तसा कमी बोलतो. गेल्या मंगळवारी तिनं वहीत शून्य लिहिलं आणि म्हणाली, "आबाजी, अजून एकदा शून्य आलं का माझं इथलं काम संपलं."

आज ती आल्या आल्या मी काडेपेटी उघडून तिच्यापुढे धरली. आत सात-आठ किडे वळवळत होते.

तिनं भिंगातून पाहिलं. "इतके बारीक? अन् याईले सोंड कायची?"

"गणपतीच्या मागं राहून राहून फुटली वं पोरी. लिही वहीत."

तिनं वही मिटली.


"खोटं बोलून राहिले तुम्ही, आबाजी. हे तांदळातले सोंडे आहेत. मले चहाले बोलवायले किडे कायले लागते?"