चिंचेने घासलेली काडतुसं

खट्.

ठो व्हायला हवं होतं तिथे खट् झालं. सकाळपासून तिसऱ्यांदा.

सुमित्राने पिस्तूल हलवलं नाही. दोन्ही हात ताठ, नळी समोरच्या कागदी वर्तुळाकडे, साडीवर स्वेटर. मागे घडीच्या खुर्चीत थर्मास मांडीवर घेऊन बसलेल्या पुरुषोत्तमने डोळे मिटले. चिंच. कालच सांगितलं होतं बायकोला.

शॉमबर्गजवळच्या त्या नेमबाजी क्लबात सगळेच उडवलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या घरी नेऊन पुन्हा भरत. बाकीचे पुंगळ्या यंत्रात साफ करत. सुमित्रा चिंच लावून घासायची, समई घासावी तशी. तिची काडतुसं इतकी चकाकत की शेजारचा नेमबाज काळा चष्मा लावून येई. पण एखादीच्या बुडाशी चिंचेची ओल राहिली, की तिथे बसवलेली इवलीशी टोपी, म्हणजे दिवाळीतल्या टिकलीची थोरली बहीण, पेटायचीच नाही. शंभरात तीन.

आज क्लबच्या शहाऐंशी सालच्या टीमची निवड होती. तीनदा खट् झालं की नाव पुसणार, असं क्लबप्रमुख वॉल्टरनी सकाळीच जाहीर केलं होतं. ते फळ्यापाशीच उभे होते, हातात डस्टर.

"मॅम, एक चान्स देतो," ते म्हणाले. "माझा दुकानातला बॉक्स घ्या. फॅक्टरीचा माल. नाव राहील."

"विकतचं लोणचं मी घरात येऊ देत नाही, वॉल्टर," समोर बघतच सुमित्रा इंग्रजीत म्हणाली. "विकतची गोळी पिस्तुलात घालू?"

वॉल्टरना लोणच्याचा संबंध लागेना. त्यांनी डस्टर उचललं.

"थांबा. तीस सेकंद," सुमित्रा म्हणाली.

नियम भिंतीवर लाल रंगात होता, वॉल्टरच्याच अक्षरात. अडलेली गोळी उशिराही उडू शकते, म्हणून नेमबाजाने पिस्तूल समोर धरून मोठ्याने तीसपर्यंत मोजायचं. तोवर कुणी जागचं हलायचं नाही.

वॉल्टर डस्टर हवेत धरून थिजले.

"एक," सुमित्रा मराठीत म्हणाली. कुठल्या भाषेत मोजायचं, ते भिंतीवर नव्हतं.

दोन आला. तीन यायला वेळ लागला. सातला तिला जांभई आली. एका मेंबरचा हॉट डॉग तोंडापासून चार इंचांवर थांबला होता आणि त्यातला मोहरीचा सॉस बुटावर ठिबकत होता, पण नियम म्हणजे नियम. वॉल्टरच्या मनगटावर घड्याळ होतं. मनगट वळवणं म्हणजे मात्र हलणं.

"अगं, आटप की," पुरुषोत्तम पुटपुटला. "लोक खोळंबलेत."

"खोळंबू देत. सतरा."

"ओली राहिली असणार, मी म्हटलं होतं."

"म्हणाला होतात. चुकलं माझं, पुढच्या खेपेला उन्हात वाळवीन. पण विकतची घेणार नाही. अठरा."

पुरुषोत्तमला खरं बोलण्याचा आजार होता. गेल्या साली विमानतळावर कस्टमवाल्याने तोंड उघडायच्या आत त्याने सासूबाईंच्या लोणच्याच्या तीन बरण्या स्वतःहून काढून दिल्या होत्या. एक महिना सुमित्रा त्याच्याशी फक्त फ्रिजवर चिठ्ठ्या चिकटवून बोलली.

"एकोणतीस. तीस," सुमित्रा म्हणाली.

पिस्तूल खाली आलं नाही.

"एकतीस."

वॉल्टरचा खांदा भरून आला. "सर," मान न वळवता त्यांनी विचारलं, "तुम्हाला ती भाषा येते. तीस झाले का?"

पुरुषोत्तमने फळ्याकडे पाहिलं. खालून दुसरं नाव. स्पेलिंग चुकलेलं, पण तिचंच.

"बेचाळीस," सुमित्रा म्हणाली.

"अजून नाही," पुरुषोत्तम म्हणाला.