तीन पिशव्या

"अहो, तीन लिहिलंय की इथे!" म्हाताऱ्याने मोबाइल काचेखालच्या फटीतून आत सरकवला. ओ निगेटिव्ह, शिल्लक पिशव्या तीन.

रक्तपेढीच्या खिडकीवरच्या बाईंनी आपला कॉम्प्युटर त्याच्याकडे वळवला. तेच पेज, तीच ओळ, आकडा शून्य. "सकाळीच संपल्या, काका. तुमच्या फोनचंच काहीतरी बिघडलंय."

फोनला काही धाड भरली नव्हती. बाईंच्या मागे बसलेल्या वेबसाइटवाल्याला ते लगेच कळलं. पेज रडतखडत उघडायचं म्हणून त्याने परवा त्याची तयार प्रत साठवून ठेवली होती. येईल त्याला तीच दाखवायची. आकड्याची चौकट तेवढी वगळायची होती, ती दर वेळी ताजी भरायची होती. नेमकं तेवढंच करायचं राहिलं. बरं, तपासलं त्याने दहादा! पण दर वेळी कर्मचाऱ्यांच्या लॉगिनने, आणि त्या लॉगिनला साठवलेली प्रत दिसतच नाही. आतल्यांना सगळं ताजं, बाहेरच्यांना परवाचं.

"लेकीचं ऑपरेशन अडलंय हो," म्हातारा म्हणाला. "दोन पिशव्या आणा, मग हात लावतो म्हणालेत डॉक्टर. दोन बस बदलून आलो मी."

तुझ्यामुळे आला, गाढवा. बोल की! वेबसाइटवाल्याने तोंड उघडलं आणि भलतंच बोलला, "बाई, दुसऱ्या रक्तपेढीला फोन लावा ना."

बाईंनी लावला. "पुलापलीकडच्या पेढीत एक पिशवी आहे म्हणतात. तासाभरापूर्वी दोन होत्या."

"एक तर एक," म्हातारा वळलासुद्धा.

वेबसाइटवाल्याने आधी ती साठवलेली प्रत पुसून टाकली. मग स्कूटरची किल्ली घेऊन म्हाताऱ्यामागे धावला. "काका, थांबा, मी सोडतो."

स्कूटरवर म्हाताऱ्याने त्याचा खांदा घट्ट धरला होता. पुलाआधीच्या सिग्नलला त्याने विचारलं, "तुम्ही काय करता तिथे?"

"कॉम्प्युटरचं... थोडंफार."

"मग ते पेज करणाऱ्याला ओळखत असाल." म्हातारा पुढे वाकला. "त्याला सांगा तेवढं. ओरडू नका हं त्याच्यावर. पण सांगा."