जुनं पायथन मिळंल का?

तात्यासाहेब दुकानाची पायरी चढले आणि त्यांच्या मागं उभ्या असलेल्या केशवसरांना आपण लिहिलेली पुस्तकं दारातूनच दिसली. काउंटरवर, ऐन मधोमध, सी या कॉम्प्युटरच्या भाषेच्या पुस्तकांची छातीएवढी थप्पी. श्रीनिवासनं लिहिलेलं पायथन, म्हणजे त्या दुसऱ्या भाषेचं पुस्तक, कुठं दिसतंय का म्हणून त्यांनी मान लांब केली. होतं. थोड्या प्रती, वरच्या फळीवर, कंपासपेट्यांच्या मागं. सरांना इतकं बरं वाटलं की विचारू नका.

"बघा," ते म्हणाले.

तात्यासाहेब बघत होते. गंगापूरला त्यांचा ऊस, कापूस आणि आता एक कॉलेज. कॉलेजात यंदापासून कॉम्प्युटर सुरू व्हायचं होतं, आणि पोरांना आधी सी शिकवायची का पायथन, यावर मास्तर मंडळींनी त्यांचं डोकं खाल्लं होतं. सी ठरली तर विभाग केशवसरांचा, पायथन ठरलं तर श्रीनिवासचा. तात्यासाहेबांना दोन्हीतलं काही कळत नव्हतं, आणि ते तसं सांगायचेही. मग केशवसरांनीच सुचवलं, माझं ऐकू नका, त्याचंही ऐकू नका, पुस्तकाच्या दुकानात चला. ज्याचं पुस्तक खपतं तीच भाषा चालते. बाजारावर ठरवायचं म्हटल्यावर तात्यासाहेबांना ते लगेच पटलं. म्हणून आज सकाळी जीप काढून ते छावणीवरनं थेट शहरात, औरंगपुऱ्यात आले होते.

दुकानदार पुंजारामनं खुर्च्या पुसून दिल्या, चहा सांगितला. कोणतं जास्त जातं, यावर त्याला विचारही करावा लागला नाही. केशवसरांचं. लई जातं. श्रीनिवाससरांचं आपलं नावापुरतं, कधीतरी एखादं.

केशवसर चहाच्या कपात बघत राहिले, नाहीतर तोंडावरचं हसू तात्यासाहेबांना दिसलं असतं. एका बाकावर बसणारा, ह्यांच्याच वह्या उतरवून पास झालेला श्रीनिवास! आता त्याचा पेपरात फोटो, त्याला पुण्याहून बोलावणी, आणि चौकात भेटला की वर शहाणपणा, केशव, तूही बघ ना जरा नवीन काही. नवीन काही म्हणे. तेव्हापासून सरांच्या पोटात जे दुखत होतं ते आज पहिल्यांदा थांबलं.

तेवढ्यात उमा आली. सरांच्याच क्लासची पोरगी. सरांना बघून ती दारातच थबकली आणि हातातली पिशवी पाठीमागं नेली. पण पुंजारामनं हात पुढं केलाच होता. नाइलाजानं तिनं पिशवीतनं पुस्तक काढून दिलं. सरांचंच, सीचं. पुंजारामनं त्याचे कोपरे चाचपले, मळकं प्लास्टिक सोलून काढलं, नवं चढवलं आणि पुस्तक थप्पीवर ठेवून दिलं.

तात्यासाहेबांनी कप खाली ठेवला. "ही समदी अशीच?"

"व्हय, दर उन्हाळ्यात," पुंजाराम कौतुकानं म्हणाला. परीक्षा झाली की पोरं अर्ध्या किमतीत आणून टाकतात, कॉलेजं उघडली की पुढची पोरं घेऊन जातात. काही प्रती तर आता त्याच्या चांगल्या ओळखीच्या झाल्यात. एवढं फिरणारं पुस्तक दुकानात दुसरं नाय.

जातं तर खरं ना, असं केशवसर पुटपुटले. ते कुणी ऐकलं नाही.

उमाला पैसे नको होते. त्याच्या बदल्यात श्रीनिवाससरांचं जुनं पायथन मिळंल का, असं तिनं खाली बघत विचारलं.

"ते बी परीक्षेला हाय का?" तात्यासाहेब म्हणाले.

"नाय. ते शिकायचंय."

पुंजारामनं मान हलवली. नवीन आहे, जुनं नाही. ते पुस्तक परत येतच नाही. केशवसर उसळून म्हणाले की परत कुठून येईल, मुळात खपतच नाही! पुंजारामला तेही पटलं. मग त्याला एकदम काहीतरी आठवलं आणि तो खुशीत आला.

"सर, एक तुमच्याच घरी हाय की. चुका काढायला नेलं होतं तुम्ही. झाल्या असतील काढून. द्या ना हिला."

आता काय सांगायचं? नेलं होतं ते चुका काढायलाच, लाल पेन घेऊन. पहिल्या धड्यात लाल रेघा आहेत, दुसऱ्यात एखाददुसरी. पुढं पेन्सिल. त्यापुढं नुसती दुमडलेली पानं. बायको, कालिंदी, जेवायला हाका मारून थकते आणि सर दार लावून श्रीनिवासनं दिलेली उदाहरणं सोडवत बसतात. दर पानाला त्याला शिव्या घालतात. हे मेलं मला का नाही सुचलं, म्हणून घालतात.

रद्दीत गेलं, एवढंच म्हणायचं होतं. म्हणाले असते तर विभाग खिशात होता. शब्द अगदी ओठावर आले.

"नाही देता येणार," केशवसर म्हणाले. "माझं अजून अर्धं राहिलंय."

कुणी हसलं नाही. हसले असते तर सरांना सोपं गेलं असतं. तात्यासाहेबांनी वरच्या फळीवरचं नवं पायथन काढायला लावलं, उमाच्या पिशवीत टाकलं, आणि टोपी नीट करत श्रीनिवास राहतो कुठं ते विचारलं.

"छावणीत," सर म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "हर्सूलवरून जा. तो रस्ता बरा पडेल."

हर्सूल म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. आणि तात्यासाहेब तर सकाळी छावणीवरनंच आले होते. ते "बरं" म्हणाले आणि जीपमध्ये जाऊन बसले.