हिरवा ड्रेस

गाडी नाही, सोबत नाही आणि कोल्हापूर मधुवंतीने कधी पाहिलेलं नव्हतं. अंबाबाई, राजवाडा, रंकाळा, सगळं सिटीबसने नि पायी, असा बेत ठरला. मुक्कामासाठी बावड्यात खोली भाड्याने देणाऱ्या गणपतरावांना फोन केला, तर ते खोदूनखोदून विचारू लागले. “एकट्याच येतायसा? कुठली रेल्वे? ड्रेस कुठल्या रंगाचा?” रंग कशाला हवा या माणसाला? “सकाळची रेल्वे. हिरवा ड्रेस,” तिने थाप मारली. प्रत्यक्षात पिवळा ड्रेस घालून, फोन बंद ठेवून ती दुपारच्या एसटीने उतरली. घर आधी तिने लांबूनच न्याहाळलं. दाराला कुलूप होतं. शेजारीण पुढे आली. “गणपतराव व्हय? नवरा-बायकू सकाळपास्नं स्टेशनात हाईत की. हिरव्या ड्रेसातली पोरगी पहिल्यांदाच येतीया, गाडी न्हाय, चुकंल म्हनून. भाकरीबी बांधून नेलीया.” मग पिवळ्या ड्रेसकडे बघत तिने विचारलं, “तुमी कोन म्हनायचं, पावणं?”