वाकायची जागा

धबधब्याच्या वाटेवर दौलूमामा पुढं आणि श्रेयस मागं, असे दोघंच चालले होते. गाईडशिवाय जंगलात सोडत नाहीत, म्हणून राजारामपुरीतून आलेल्या श्रेयसनं नाक्यावरून मामांना सोबत घेतलं होतं. करवंदीच्या जाळ्या संपून वाट मोकळी झाली, तिथं मामा एकाएकी कमरेत वाकले, दोन पावलं तसेच चालले आणि पुन्हा ताठ झाले. श्रेयसनं वर पाहिलं. फांदी नाही, वेल नाही, नुसतं आभाळ.

धबधबा बघून परतताना मामा त्याच जागी पुन्हा वाकले. आता मात्र श्रेयसला हसू आवरेना.

"मामा, डोक्याला काय लागतंय तुमच्या?"

मामा ओशाळले. "काय न्हाय पावणं, आंगवळणी पडलंय. अभयारण्यासाठी गाव उठवलं, त्येला बावीस वर्सं झाली. हितं घर हुतं आमचं. दार लई बुटकं हुतं."

श्रेयसचं हसू ओठांवरच विरलं. त्यानं खाली पाहिलं. पाचोळ्यात अर्धवट बुजलेला एक लांबट दगड होता, मधोमध झिजून खोलगट झालेला. त्या दगडावर श्रेयसचा चिखलानं भरलेला बूट होता. त्यानं चटकन पाय मागं घेतला. पुढं पाऊल टाकायला काही त्याला धीर होईना.

मामा चार पावलं पुढं गेले होते. मागं कुणी येईना म्हणून ते वळले आणि त्याला तसा थांबलेला बघून म्हणाले,

"या की आत, पावणं. भाईर का उभारलायसा?"