रविवारची तहान

अंथरुणाला खिळलेल्या तात्याबांना सांभाळायला दोघं तयार होते: सांगलीच्या एजन्सीची शिकलेली नर्स आणि वस्तीवरचा बिरू.

"बिरूच बरा," तात्याबा म्हणाले. "परक्या पोरीकडं लघवीचं भांडं कसं मागू रं?"

"आबा, तिचं कामच हाय ते." त्यांच्या लेकानं, राजवर्धननं, नर्स ठेवली.

दोन महिन्यांत आबा गेले. अंगातलं पाणी आटून किडन्या निकामी झाल्या होत्या.

"पाणी देत नव्हता का तुमी?" राजवर्धन नर्सवर ओरडला.

"रोज द्यायचे, दादा. 'तहान न्हाई, बाय' म्हणायचे."

रविवारी नर्सची सुट्टी असायची, म्हणून राजवर्धन शिरवळहून यायचा. आबा घटाघटा तांब्या रिकामा करायचे. त्याला वाटायचं, लेकाच्या हातचं पाणी गोड लागतंय.